तिसऱ्या जागेवरचा मी

मित्रांनो, मी एक जुना स्पार्क प्लग आहे, आणि आज मला गप्प बसवत नाही! गॅरेजच्या फळीवर पडलो आहे, अंगभर काजळी आहे, टोक झिजले आहे. तरी आजची गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

कारखान्यातून पांढराशुभ्र निघालो तो थेट या निळ्या गाडीच्या इंजिनात, तिसऱ्या जागेवर बसलो. आम्ही चौघे. आमच्याकडे चार वायरींतून वीज यायची आणि ज्याची पाळी त्याने ठिणगी पाडायची. पाळी चुकली की गाडी अडलीच! याच गाडीवर घरातली आई चालवायला शिकली. सगळे म्हणत, "काय इंजिन आहे!" आमचे नाव मात्र कोणी घेतले नाही. बॉनेट उघडून आमच्याकडे कोणी पाहिलेही नाही.

मग काजळी चढली, वायरींना चिरा पडल्या, गाडी चढावर धापा टाकू लागली. परवा तर ती सुरूच होईना. बाबांनी हात टेकले.

"संध्याकाळी भंगारवाला येतोय," ते आज सकाळी मुलींना म्हणाले. "तोवर सुरू झाली तर ठेवू."

आई मावशीकडे गेलेली, आज परतणार होती. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते.

"आईला काय तोंड दाखवायचं?" म्हणत धाकटीने नवे प्लग आणि वायरी आणल्या. थोरलीचा उत्साह तर विचारू नका! तिने चारही वायरी एकदम उपटल्या. अगं, एकेक काढ, एकेक! पण माझे ऐकतो कोण? आम्हाला काढून नवे प्लग बसले, वायरी लागल्या, किल्ली फिरली आणि... फट्! इंजिन ठसकले, थरथरले, गप्प झाले.

"कुठली वायर कुठे होती गं?"

"मला काय विचारतेस? उपटल्यास तू!"

तेवढ्यात फाटकाशी भंगारवाल्याचा टेम्पो थांबला.

धाकटीने एक जुनी वायर उचलली. ती सरळच होईना.

"ताई, बघ! तापून तापून हिला बाक पडलाय. इंजिनावर ठेवून बघू?"

नव्या काढून जुन्या ठेवल्या. घरी आल्यावर जो तो आपापल्या खुर्चीत बसतो, तशा चारही जुन्या वायरी आपापल्या जागी बसल्या! मग एक जुनी काढायची, तिथे एक नवी लावायची, असे शेवटपर्यंत केले. किल्ली फिरली.

मित्रांनो, काय सांगू! आयुष्यभर आतून ऐकलेला तो आवाज मी पहिल्यांदाच बाहेरून ऐकला. इतका गोड असतो तो?

"राहू द्या हो, गाडी द्यायची नाही!" बाबा फाटकाकडे धावले. मुली त्याच गाडीतून आईला आणायला गेल्या.

तेव्हा मित्रांनो, एवढेच मागणे आहे. गाडी कुरकुरू लागली की तिच्यावर फुली मारण्याआधी बॉनेट उघडा, आमचे तोंड पाहा, आणि वायरी... थांबा, फाटक वाजले. आली! अहो, गाडी तर आईच चालवते आहे!

"काय गं पोरींनो," ती उतरता उतरता विचारते आहे, "आज हिला झालंय तरी काय? चढावर नुसती पळत सुटली!"