चार की पाच

खंडेनवमीला घरातली सगळी अवजारं पुजायची, हा धरमपेठेतल्या कामिनीताईंचा शिरस्ता. विळी, शिलाई मशीन आणि नवऱ्याचा, म्हणजे धर्मेंद्र सरांचा, सत्याण्णव सालचा कॉम्प्युटर. यंदा त्यांना काय अवदसा आठवली कोण जाणे, पूजेआधी त्याचं पोट उघडून आतली धूळ ब्रशने झाडली. माउस जिथे जोडतात त्या कार्डावरून नखाएवढा काळा तुकडा खाली पडला. जिथे बसला तिथे त्यांनी तो बसवून दिला आणि वरून हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावरचा बाण जागचा हलेना.

सर एकेकाळी पॉलिटेक्निकात शिकवायचे. आता त्यांना लेकीचं नावही आठवत नाही. पण रोज दहा वाजता त्या माउसने रेघा ओढत बसले की दोन तास माणूस शांत. नवा लॅपटॉप आणून झाला, तो त्यांनी ढकलून दिला. मुका झालेला माउस आपटत ते विचारत, "मीच बिघडवला का?" ते ऐकून कामिनीताईंना स्वतःचे हात तोडून टाकावेसे वाटत.

सीताबर्डीतला दुकानदार सौरव, सरांचा जुना विद्यार्थी, सकाळी येऊन बसला. कार्डावर दोन ते पाच आकडे होते. तुकडा ज्या आकड्यावर, तोच मशीन चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीलाही सांगितलेला हवा. नाहीतर माउसची हाक मशीनला पोचत नाही. लिनक्समधला आकडा पाहायला वेगळा पासवर्ड हवा, आणि तो सरांच्या डोक्यात हरवलेला. बाईंनी बसवला होता दोनवर. सौरवने तीन करून पाहिलं. जमलं नाही, वर जुनी डिस्क करकरायला लागली. त्याने मशीन बंद करून कार्ड बाहेर काढलं.

"काकू, डिस्क आता फार तर एकदा सुरू होईल, दुसऱ्यांदा नाही. चार लावू का पाच?"

कामिनीताईंनी कार्ड सरांपुढे धरलं आणि विचारलं.

"पाच," सर वर्गात सांगावं तसं म्हणाले. "पाचवरच ठेवला मी."

दोन वर्षांत त्यांचा असा आवाज ऐकला नव्हता. बाईंचे डोळे भरून आले. सौरवने पाच लावून कार्ड परत बसवलं आणि बटण दाबलं. डिस्क करकरली, खट्ट वाजली आणि गप्प झाली. पाच बरोबर होतं की नव्हतं, हे आता कोणालाच कळणार नव्हतं.

दहा वाजले होते. सर खुर्चीत बसले, माउस हळूच फिरवला. "हलून राहिला का वं?"

"हो, मस्त हलून राहिला," कामिनीताई म्हणाल्या.

सर काळ्या पडद्याकडे बघत राहिले. "मग मले काहून दिसून नाही राहिला?"