कासेतल्या जिवाणूंची वंशावळ

वाटणी झाल्यापासून दोघा भावांमधून विस्तव जात नव्हता. आधी धाकट्याच्या गाईंना कासदाह होऊन कासा सुजल्या, मग थोरल्याच्याही गोठ्यात दूध नासू लागलं. रोग धाकट्यानेच आणला, असा थोरल्याने डांगोरा पिटला. धाकट्याला गावच्या दूध डेअरीतून हाकलायला त्याला पुरावा हवा होता, म्हणून त्याने मधल्या बहिणीला बोलावलं. प्रयोगशाळेत जिवाणूंची जनुकं वाचणं हेच तिचं काम.

"तू आपली आहेस. तेवढा कागद आण," थोरला म्हणाला.

ती दोन्हीकडचे दुधाचे नमुने घ्यायला गेली. "दादाची हेर ना तू?" धाकटा म्हणाला. गोठ्यात सोडलं, पण पाणीसुद्धा विचारलं नाही.

तीन आठवड्यांनी निकाल आला. जिवाणू वाढताना त्यांच्या जनुकांत बारीक चुका होतात. मुक्काम जितका जुना, तितके त्यांचे फाटे जास्त. थोरल्याच्या गोठ्यात फाट्यांचं रान माजलं होतं. धाकट्याकडे त्यातलीच एक डहाळी होती.

"दादा, रोग तुझ्याकडे कित्येक वर्षं दबून आहे. वाटणीत दिलेल्या तीन गाईंतून तो तिकडे गेला."

"यंत्र चुकलं असेल."

"तीनदा तपासलं."

"मग चौथ्यांदा तपास. आणि या वेळी डोकं ठिकाणावर ठेव!"

दारातून वहिनी बोलली, "मी सांगत होते, त्या गाई त्याला देऊ नका म्हणून."

बहीण थोरल्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

"वाटणीत चांगली गाय कोण देतं?" थोरला ओरडला. "फाड तो कागद आणि चालती हो. तुला भाऊ नाही, समज."

तिने कागद फाडला नाही. दुपारीच एक प्रत डेअरीच्या अध्यक्षांना दिली आणि दुसरी धाकट्याकडे नेली. त्याने ती दोनदा वाचली.

"वाटणीच्या दिवशी तू होतीस, ताई. 'घे, चांगल्या आहेत' असं तूच म्हणालीस."

"मला ठाऊक नव्हतं रे."

"तपासलंस? तेव्हा दादाचा शब्द पुरला. आता मात्र माझ्या गाईंचं दूध तपासायला धावत आलीस!"



डेअरीने दोन्ही गोठ्यांचं दूध घेणं बंद केलं. थोरल्याला अकरा गाई गोठ्यातून काढून टाकाव्या लागल्या. त्या महिन्यात वहिनी माहेरी गेली ती आलीच नाही. धाकट्याच्या बऱ्याचशा गाई औषधाने सुधारल्या, हे बहिणीला जनावरांच्या डॉक्टरांकडून कळलं. धाकटा तिचा फोन उचलत नाही.