पुजलेला टेस्टर

आकारामने टेस्टरचं टोक चालू प्लगमध्ये घातलं, त्याच्या मागच्या टोपीवर बोट दाबलं आणि तो बघत राहिला. टेस्टरमधला दिवा काही लागेना.

सांगलीत वायरमनची परीक्षा चालू होती. समोरच्या फळीवर मोटरचा एक स्टार्टर मुद्दाम बिघडवून ठेवला होता. त्यातला दोष शोधून दाखवायचा, की परवाना हातात आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी. तासगावात नाथाजी वस्तादांच्या हाताखाली राबता राबता आकारामचे केस पिकायला लागले होते. मागच्या खेपेला तो तोंडी प्रश्नांत आपटला, तेव्हा यंदा त्याची बायको साळूबाई सिद्धनाथाला नवस बोलली होती.

काम सुरू करण्याआधी टेस्टर चालू प्लगवर तपासायचा, ही वस्तादांची शिकवण. “आदी जित्या तारंवर दिवा लागतोय का बघ, मग मेलेल्या तारंवर इश्वास ठेव,” असं ते म्हणत, आणि जो विसरेल त्याच्या पाठीत पक्कड घालत. आकारामची पाठ त्याला साक्षी होती.

त्याने टेस्टरचं टोक नखाने खरवडलं. पिवळा-लाल पापुद्रा निघाला. पुन्हा लावून पाहिलं, तर दिवा झक्क लागला.

आकारामला हसू आलं. परवा खंडेनवमीला दुकानातली सगळी हत्यारं त्यानेच पुजली होती. लोखंडावर टिकावं म्हणून हळदकुंकू गोड्या तेलात कालवून चांगलं थापलं होतं. काल दसऱ्याला हत्यारांना कुणी हात लावला नव्हता. पक्कड पुजली, हातोडी पुजली, स्वतःचा टेस्टर पुजला, वस्तादांचा टेस्टर...

हसू जागीच विरलं. वस्ताद आज सकाळीच लालासाहेबांच्या द्राक्षबागेत, विहिरीवरची मोटर दुरुस्त करायला गेले होते.

“साहेब, मला जायाला पायजे.”

परीक्षकांनी चष्म्यावरून पाहिलं. “अजून फळीला हातसुद्धा लावला नाहीत. आता बाहेर पडलात तर थेट पुढच्या वर्षी.”

“व्हय,” म्हणत आकाराम पळत सुटला. पिशवी तिथेच राहिली.

तासगावची एस.टी. त्या दिवशी बैलगाडीला लाजवील अशी चालली होती. शेजारच्या म्हातारीने त्याच्या हातावर आपट्याचं पान ठेवलं, “सोनं घे रं बाबा,” म्हणाली. ते त्याने मुठीत कधी चुरगाळलं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

तो धापा टाकत बागेत शिरला. विहिरीपाशी भिंतीला टेकून वस्ताद बसले होते, समोर चहाचा कप. जिवंत होते. आकारामला भडभडून आलं आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

“परीक्षा सोडून आलास?” वस्तादांनी विचारलं.

“तुमचा टेस्टर, आवं...”

“लागला न्हाई दिवा. तार मेलीया समजून हात घातला.” त्यांनी उजवा हात सदऱ्याखाली ओढून घेतला, पण आकारामला बोटं दिसलीच. काळी पडून आकसली होती. “गड्यानं वाळक्या लाकडानं ढकाललं म्हून हाय.”

“पर आदी जित्या तारंवर...” आकाराम बोलून गेला, आणि त्याने जीभ चावली. वस्तादांना हे तो शिकवत होता!

वस्तादांनी डाव्या हाताने चहाचा कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. साय धरली होती.

“हळद दिसली हुती मला,” ते म्हणाले. “पुजंची हळद, पुसाया हात धजंना. आन् पुजलेल्या हत्याराची कसली परीक्षा घ्यायची, म्हटलं.”

 ज्या माणसाच्या धाकाने आकाराम आज सांगलीत वाचला होता, तोच माणूस इथे त्याच्या हळदीने मरता मरता राहिला होता.

वस्तादांनी डाव्या हाताने टेस्टर पुढे केला. “घे. पूस.”

आकारामने टेस्टर घेतला. सदऱ्याचं टोक ओढलं आणि पुसण्याआधी, सवयीने, तो कपाळाकडे नेला.

“आदी पूस!” वस्ताद ओरडले.