जावयाच्या चार जागा

ही गोष्ट २०११ सालची. नवरात्राला जेमतेम आठवडा उरला होता आणि जामनगरच्या आमच्या पितळी सामानाच्या कारखान्यात अँटीव्हायरसच्या लायसन्सचं नूतनीकरण आलं होतं. मी तेव्हा सत्तावन्न वर्षांची. १९७८ साली टायपिस्ट म्हणून लागले. पुढे टेलेक्स आला, फॅक्स आला, मग कॉम्प्युटर आले. नवं काही आलं की थोरले मालक, मोटाशेठ, म्हणायचे, "रसीलाबेनच्या टेबलावर ठेवा, त्या लावतील मार्गाला." तसं हे लायसन्सही माझ्याच टेबलावर येऊन पडलं होतं.

आमचं लायसन्स वीस जागांचं होतं. पंचवीस अक्षरांची एक चावी, ती वीस कॉम्प्युटरांना चालायची, एकविसाव्याला नाही. कुठले वीस, त्याची यादी माझ्या पडद्यावर दिसायची. संरक्षण चालू असेल त्या नावापुढे हिरवा ठिपका. दर सप्टेंबरात मुदत संपायची. मग फॉर्म भरायचा, कुठला कॉम्प्युटर कुठल्या खोलीत आणि कुणाच्या हाताखाली ते लिहायचं, खाली शेठची सही घ्यायची आणि विक्रेत्याकडे पाठवायचा. मग वर्षभर त्या जागा हलवता येत नसत.

पण वीसपैकी चार कॉम्प्युटर कारखान्यात नव्हतेच. ते राजकोटला होते, मोटाशेठच्या जावयाच्या दुकानात.

त्या चार जागा मीच दिल्या होत्या, हे आधी सांगून टाकते. शेठची लेक अल्पा राजकोटला दिलेली. २००८ साली चेतनकुमारांनी नळाच्या सामानाचं दुकान काढलं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. "बेन, ती चावी एका कागदावर चांगल्या अक्षरात लिहून द्या." मी दिली. शेठनी त्या कागदावर कुंकवाचं बोट उमटवलं, पाकिटात रुपयाचं नाणं टाकलं आणि पाकीट नारळाबरोबर रवाना केलं. मला हसू आवरत नव्हतं. त्या वर्षापासून मी फॉर्मवर त्या चार नावांपुढे 'वरची खोली' असं लिहायला लागले. आमच्या कारखान्याला वरची खोली नव्हती. वर पत्रा होता आणि पत्र्यावर कबुतरं.

हे धाकट्या भावाला, नानाशेठना, ठाऊक नव्हतं. त्यांच्याही दोन मुली सासरी नांदत होत्या आणि त्यांच्या घरी कारखान्यातली टाचणीसुद्धा गेली नव्हती. जुनं चालू ठेवायला एका भावाची सही पुरायची. नवं काही घ्यायचं तर दोघांची लागायची. म्हणून वीसचे चोवीस कधी झाले नाहीत.

या सगळ्यात उघडी पडली होती ती मुक्ताबेनची माल रवाना करायची खोली. कारखान्यात सगळ्यात जास्त पेन ड्राइव्ह तिथे यायचे. ट्रकवाल्याच्या ऑफिसातून यायचे, बंदरावरच्या एजंटाकडून यायचे, लेबलं छापणाऱ्याकडून यायचे. आणि नेमका तोच कॉम्प्युटर यादीत नव्हता. जूनमध्ये त्यात कीड शिरली, खोक्यांच्या सगळ्या याद्या खाऊन गेली आणि जर्मनीचा माल नऊ दिवस बंदरावर पडून राहिला. मोटाशेठनी सगळ्यांदेखत मुक्ताबेनला सांगितलं, "पुन्हा असं झालं तर डबा उचलायचा आणि घरी जायचं." तिचा नवरा भट्टीवर काम करून छातीचा आजारी, दोन वर्षं घरातच. पाच माणसं तिच्या पगारावर जेवत होती.

त्या सोमवारी ती माझ्या टेबलाशी आली. हातात रबर बँडने बांधलेला पेन ड्राइव्हचा जुडगा.

"बेन, परत तसंच व्हायला लागलंय. एक फाइल उघडली की चार उघडतात. कालची यादी कोरी निघाली."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगू? सांगितलं तर म्हणतील, तूच केलंस. नाही सांगितलं तर म्हणतील, लपवलंस." मग ती माझ्या पडद्याकडे बघून म्हणाली, "इथे पाणी प्यायच्या खोलीतल्या डबड्या कॉम्प्युटरलाही हिरवा ठिपका आहे. माझ्यात काय काटे आहेत?"

मी उठून मोटाशेठकडे गेले.

"शेठ, चार जागा वाढवा. निदान एक तरी."

"वीस आहेत ना? वीस पुरे."

"सोळा आहेत."

शेठनी चष्मा काढला. "रसीलाबेन, कुमारांचं नाव या केबिनबाहेर काढायचं नाही."

"मग मुक्ताबेनचं काय?"

"तिला सांगा, हात धुऊन कॉम्प्युटरला लावत जा." आणि स्वतःच हसले.

मी बाहेर आले. साडेअकराचा चहा फिरत होता. मी माझा कप बशीने झाकून ठेवला आणि यादी उघडली. राजकोटच्या पहिल्या नावावर गेले. पडद्याने विचारलं, हा कॉम्प्युटर काढायचा, नक्की? मी हो म्हटलं. दुसऱ्यालाही त्याने तेच विचारलं. चारही वेळा त्याने नक्की का विचारलं आणि चारही वेळा मी हो म्हटलं. तेहेतीस वर्षांत या ऑफिसने माझी संमती इतक्या आदराने कधी विचारली नव्हती.

मग मी मुक्ताबेनच्या खोलीत जाऊन त्यातली एक जागा तिच्या कॉम्प्युटरला दिली. उरलेल्या तीन तपासणी आणि गोदामाच्या जुन्या यंत्रांना दिल्या. मुक्ताबेनचा कॉम्प्युटर दोन तास स्वतःला धुंडाळत बसला आणि त्याने एकसष्ट किडे धरले. ती आकडा वाढताना बघत होती आणि तोंडावर पदर धरून हसत होती. "बेन, यांच्यातला एक तरी माझ्या पगाराचा वाटेकरी होता का हो?"

तीन वाजता राजकोटहून फोन आला.

"रसीलाबेन, माझ्या चारही पडद्यांवर लाल पट्टी आलीय. समोर गिऱ्हाईक बसलंय. विचारतंय, शेठ, दिवाळं काढलं की काय."

"लायसन्स संपलं, चेतनकुमार. राजकोटला मिळतं, घेऊन या."

"घेऊन या? मला सासऱ्यांनी दिलंय ते."

"सासऱ्यांनी कारखान्याचं दिलंय."

"तुम्ही कुणाचा पगार खाता, ते तरी आठवतं ना?"

"आठवतं. म्हणूनच कारखान्याचे कॉम्प्युटर मोजते. तुमचे मोजायला तुम्ही कुणी ठेवा."

त्यांनी फोन आपटला. दहा मिनिटांत केबिनची घंटी वाजली.

मोटाशेठ उभेच होते. चेहरा तापलेला, पण आवाज मात्र खाली. तो खाली असला की मोठ्या आवाजापेक्षा वाईट, हे मला पक्कं माहीत होतं.

"लेकीच्या घरी कुंकू लावून दिलेलं परत घेतात का? तुमच्यात घेत असतील. आमच्यात आम्ही लेकीकडचं पाणीही पीत नाही."

"शेठ, लेकीला सोन्याचा हार दिलात, तेव्हा मी हिशेब विचारला? तो तुमचा होता. ही चावी तुमची नव्हती. ती मुक्ताबेनच्या वाटची होती आणि लिहून देणारी मी होते. माझं चुकलं, मी दुरुस्त केलं."

"तुम्ही दुरुस्त करणाऱ्या कोण?"

"यादी माझ्या नावावर आहे. 'वर लिहिलंय ते खरं आहे' म्हणून खाली नाव माझं जातं. तीन वर्षं मी पत्र्यावरच्या कबुतरांना कॉम्प्युटर वाटले. आता बास."

शेठ टेबलावर वाकले. "उद्या दुपारपर्यंत कुमारांचे चारही हिरवे दिसले पाहिजेत. नाही तर नवरात्रापासून यायचं नाही. तुम्ही नाही आणि ती मुक्ताही नाही."

"मी येणार, शेठ. गेटवर अडवायला माणूस ठेवा. आणि माणूस तगडा ठेवा, माझ्याबरोबर मुक्ताबेनही असेल."

बोलून बाहेर तर आले, पण घाबरले होते. खोटं कशाला सांगू? घरी जाऊन खिचडी टाकली आणि खाल्ली नाही. पण एक गोष्ट मला स्वच्छ दिसत होती. मला काढणं शेठच्या हातात होतं. मुक्ताबेनला काढणंही त्यांच्याच हातात होतं. पण फॉर्मवर सही झाली की वर्षभर वीसच्या वीस जागा लिहिलेल्या खोल्यांत राहणार होत्या. मग त्या खोलीत बाई कुणी का असेना, तिच्या माथी किडा मारता येणार नव्हता. आणि सही कुणीही एक भाऊ करू शकत होता.

दोघे भाऊ रोज एक वाजता एकत्र जेवायचे. घरून मोठा डबा यायचा, रोटला, वांग्याचं शाक, गूळ आणि ताकाची कळशी. भांडण कितीही असो, एकत्र जेवण ते मोडत नसत. दुसऱ्या दिवशी मी बरोबर एक वाजून पाच मिनिटांनी फॉर्म घेऊन तिथे गेले.

मोटाशेठनी मला पाहिलं आणि हातातला घास ताटात ठेवला.

"जेवून झाल्यावर या."

"एक सहीचं काम आहे, शेठ. आज शेवटचा दिवस."

"आणा इकडे," नानाशेठ म्हणाले. ते कागद वाचल्याशिवाय सही करत नसत, ओळीखाली बोट फिरवून मोठ्याने वाचत. "हिशेब खोली, तीन. तपासणी, दोन. माल रवाना, मुक्ताबेन..." बोट थांबलं. "ही आधी नव्हती?"

"नव्हती."

"जूनमध्ये नव्हती?"

"नव्हती, नानाशेठ. त्या कॉम्प्युटरला कधीच काही नव्हतं."

"मग आपण तिला कशाला झापलं?" त्यांनी भावाकडे बघितलं. "मोटाभाई, आपण तिला सगळ्यांदेखत बोललो."

मोटाशेठनी गुळाचा खडा मोडला. नानाशेठनी मागे जोडलेली गेल्या वर्षीची प्रत उलटली. "आणि ही वरची खोली कुठली? चार कॉम्प्युटर? आपल्याकडे वरची खोली कुठंय?"

त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. माझ्या तोंडाशी राजकोटचं नाव आलं होतं. एक शब्द बोलले असते तर त्या दोन भावांचं ताट त्या दिवशीच वेगळं झालं असतं. मी मोटाशेठकडे बघितलं. त्यांच्या बोटांना गूळ लागला होता आणि ते माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणते त्याची वाट पाहत.

"ते मी खोटं लिहिलं होतं," मी म्हटलं. "तीन वर्षं लिहिलं. का लिहिलं ते विचारायचं तर मोटाशेठना विचारा. यंदापासून मी ते लिहिणार नाही. सही करायची तर या वीसवर करा."

नानाशेठ भावाकडे बघत राहिले. मोटाशेठनी हात धुतला, पंच्याला पुसला आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. सही केली. पेन परत देताना म्हणाले, "जा." एवढंच.

नवरात्राच्या पहिल्या दिवशी मी आणि मुक्ताबेन कामावर गेलो. गेटवर कुणी नव्हतं.

मोटाशेठ माझ्याशी बोलायचे थांबले. जे सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून पाठवायचे. माझं टेबल मुलाम्याच्या शेडशेजारी हलवलं, तिथे ॲसिडच्या वासाने डोळे चुरचुरत. मी डोळ्यांत थेंब घालून पुढली तीन वर्षं तिथेच काढली आणि दर सप्टेंबरात फॉर्म जेवणाच्या वेळीच नेला. २०१४ साली निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ झाला नाही.

मुक्ताबेनचा नवरा त्याच वर्षी गेला. ती पुढे माल रवान्याची प्रमुख झाली, २०२० साली घरी बसली. तिची सून आता त्याच खोलीत आहे. अल्पाने २०११च्या त्या नवरात्रातच मला फोन केला होता, "मासी, चार लायसन्स घेतले आम्ही. माझ्या नावावर घेतले, कुमारांना सांगून टाकलं, आता बाबांकडे हात पसरायचा नाही." चेतनकुमारांनी दुकान वाढवलं, मग सौर पंपांत पडले, त्यात बरं चाललंय म्हणतात. नानाशेठ अजून रोज एक वाजता जेवायला बसतात, एकटेच. कागद अजून बोट फिरवूनच वाचतात.

मोटाशेठ २०१७ साली गेले. बेसण्याला, म्हणजे त्यांच्या शोकसभेला, मी गेले होते. दाराशी हात जोडून चेतनकुमार उभे होते. मला पाहिलं आणि तोंड फिरवलं. मी आत गेले आणि बायकांच्या पहिल्या रांगेत बसले.