जापाची हजेरी

त्या दिवशी आमच्या घरातला टीव्ही बंद होता, आणि तो बंद ठेवणारी मी, राजमती. सकाळीच नवऱ्याला दम भरलता, ‘वृषभ, पोरीची मुलाखत संपेपर्यंत कुणी काय बघायचं न्हाय. मॅच न्हाय, रील न्हाय, काय म्हंजे काय न्हाय.’ आदितीला जर्मनीच्या विद्यापीठात शिरोळकडच्या क्षारपड रानांवर संशोधन करायचं होतं. तिथली माणसं लॅपटॉपवरनं तिला प्रश्न विचारणार होती. जागा एकच, आणि सगळं ह्या मुलाखतीवर.

तिच्या दाराबाहेर मी खुर्ची टाकून राखणीला बसले. आतनं तिचं इंग्रजी झरझर ऐकू येत होतं. मला त्यातलं निम्मं कळंना, पण ऊर भरून आला. तेवढ्यात तिचा आवाज बदलला. ‘हॅलो? हॅलो?’ जरा बोलली, परत ‘हॅलो?’ दार किलकिलं झालं. पोरीचा चेहरा पांढराफटक.

‘आई, तिकडं माझं चित्र थिजतंय. आवाज तुटतोय. आता परत तुटलं तर पुढच्या उमेदवाराला घेणार म्हणाले. घरात कोण काय करतंय?’

‘कोण काय करत न्हाय! सगळं बंद हाय.’

‘बघण्याचं न्हाय गं, पाठवण्याचं! आपल्या नेटला यायचा वेग शंभरचा, जायचा पाचचा. कुणीतरी इथनं व्हिडिओ पाठवतंय. आई, बघ ना!’

दार लागलं. मी पळत सुटले. स्वयंपाकघर रिकामं, माडी रिकामी. देवघराचं दार लोटलं आणि कपाळाला हात लावला.

सासरे तात्यासो, सासूबाई, वृषभ आणि जाऊ भैरवी, सगळे ओळीनं मांडी घालून बसलेले. हातात माळ, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात उभा केलेला फोन. णमोकार मंत्राचा जाप चाललता, तोही आदितीसाठीच. कोडोलीच्या शालूआत्यांनी फर्मान काढलतं म्हणं, मुलाखतीच्या टायमाला सगळ्या भावकीनं व्हिडिओवर जाप धरायचा. एका फोनम्होरं घोळका करायचा न्हाय, ज्याचं तोंड दिसंल त्याचीच हजेरी.

‘फोन बंद करा!’ मी ओरडले.

वृषभ दबक्या आवाजात म्हणाला, ‘अगं, आम्ही काय बघतोय का? जाप करतोय की.’

‘बघत न्हाय, पाठवताय! सगळ्यांची तोंडं पाठवताय! पोरगी आत गुदमरतीया, बंद करा!’

कुणी हलंना. तात्यासोंच्या आधी माळ खाली ठेवायची आमच्याकडं कुणाची छाती न्हाय. सगळे त्यांच्याकडं बघाय लागले. आणि जापाला बसले की तात्यासो बोलत न्हाईत. त्यांनी एक बोट वर केलं. थांब. मग तेच बोट फोनकडं वळवलं. पडद्यावर कोडोली, कागल, सांगली, सगळ्यांची तोंडं आरशागत स्वच्छ. म्हंजे तात्यासोंचं म्हणणं, बघ की, नेटला काय झालंय? अरे देवा! यायचं ते येतच होतं की! जायचं ते अडलंतं, आणि ते ह्या माणसाला दिसायचं कसं?

माळ अजून निम्मी बाकी होती. भिंतीपलीकडनं परत आवाज आला, ‘हॅलो? हॅलो?’

मी वाकले आणि त्यांच्या पुढचा फोन हिसकावून बंद केला. लग्न होऊन आल्यापासनं त्या दिवसाआधी मी त्यांच्यापुढं मोठ्यानं बोललेसुद्धा नव्हते. सासूबाई ‘अगंबाई!’ म्हणाल्या. बाकीच्यांनी गपचिप आपापले फोन बंद केले. तात्यासोंचं बोट मण्यावर तसंच राहिलं.

मी परत दाराशी आले. आदितीचं ‘हॅलो, हॅलो’ थांबलंतं. माझ्या जिवात जीव आला. मग नीट कान दिला. ती इंग्रजीत एकच वाक्य परत परत म्हणत होती, आणि तेवढं मला कळत होतं. तुम्ही आहात का? तुम्ही आहात का?

ती बाहेर आली तवर सगळे दाराशी जमलते.

‘पुढच्याला घेतलं,’ एवढंच म्हणाली.

तात्यासोंनी मौन सोडलं. ‘चांगलं चाललंतं. जाप मोडला, म्हणून पोरीचं मोडलं.’

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. बाहेर माझ्या तोंडाला सारी गल्ली टरकून असती. शब्द अगदी जिभेवर आलते, की मामंजी, तुमच्या जापानंच घात केला. पण म्हाताऱ्यानं माळ अजून हातातनं सोडली नव्हती. डोळे काठोकाठ भरलते. नातीसाठी सकाळपासनं पाण्याचा घोट घेतला नव्हता त्यांनी. आदितीनं त्यांच्याकडं बघितलं आणि माझं मनगट घट्ट धरलं. तिचं सगळं गेलतं, तरी ती मान हलवून मला नको म्हणत होती.

‘व्हय मामंजी,’ मी म्हणाले, ‘माझंच चुकलं.’