महिपतदादाचा फोटो

गुरुप्रसादने बोटीवरच्या नोकरीत बंदरोबंदरी फिरून जुने कॅमेरे जमवले. नोकरी सुटली तोवर रत्नागिरीच्या घरात त्यांचं एक कपाटच झालं होतं. रोल धुऊन देणारं दुकान आता शहरात उरलं नव्हतं. मुंबईहून औषधं मागवून तो न्हाणीघरातच रोल धुवायचा.

शिमग्यात तो जयगडला थोरल्या भावाकडे गेला. महिपत मच्छीमार, फोटो म्हटलं की तोंड फिरवणारा. पण त्या दिवशी पालखी घरी येऊन गेली होती, अंगात कोरा सदरा होता. धाकट्याच्या गळ्यातला जुना रशियन कॅमेरा बघून तो आपणहून अंगणात खुर्ची टाकून बसला. गुरुप्रसादने त्याला मान इकडे-तिकडे करायला लावून सावकाश बरेच फोटो काढले. महिपत सारा वेळ हसत होता. सखूवहिनी दारात उभी राहून बघत होती.

मे महिन्यात वादळी वाऱ्यात खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. बाकीचे पोहून आले. महिपत सापडलाच नाही.

तेराव्याला ठेवायला फोटो हवा होता. मोबाईलमध्ये होते ते पाठमोरे, नाहीतर गर्दीतले. वहिनीने शिमग्यातल्या फोटोंचं विचारलं. रोल अजून कॅमेऱ्यातच होता. धुऊन आणतो, असं सांगून गुरुप्रसाद घरी आला.

रोल उलटा गुंडाळायला घेतला, तर खुंटी लगेच मोकळी फिरायला लागली. फिल्म आतल्या चक्रीत अडकलीच नव्हती. खटका दर वेळी वाजला होता, पण फिल्म जागची हलली नव्हती. हे कळूनही त्याने औषधं कालवली, रोल धुतला, उजेडात धरला. काचेसारखा स्वच्छ.

जयगडला जाऊन त्याने वहिनीला झालं ते सांगितलं.

"भावोजी, मग ते येवढा वेळ हसत बसलेले, ते गेलं कुठं?"



शेवटी आधार कार्डावरचा फोटो स्टुडिओत मोठा करून घेतला. स्टुडिओवाल्याने चेहरा गोरा केला, केस काळे केले, वर कोट चढवला. तेराव्याला माणसं त्यापुढे हात जोडून जात होती. वहिनीने एकदाही तिकडे पाहिलं नाही.

दर पावसाळ्यात भिंगांना दमट हवा लागू नये म्हणून गुरुप्रसाद कपाटात बल्ब लावून ठेवायचा. यंदा बायकोने, दमयंतीने, दोनदा आठवण करून दिली. त्याने हो म्हटलं आणि तसाच बसून राहिला. गणपती येईतो एकेका भिंगावर बुरशीचे पांढरे धागे धरले होते.