सिंगल बेल

मित्रांनो, मी एक जुनी घंटी आहे. देवळातली नाही, शाळेतलीही नाही, एस.टी.तली. ड्रायव्हरच्या डोक्यावर मला बसवलं होतं आणि माझी दोरी छताखालून मागच्या दारापर्यंत गेली होती. कारंजा लाडहून गाडी इंझोरीला जावो की मेडशीला, रस्ताभर माझाच हुकूम चाले. डबल बेल म्हणजे चला. सिंगल बेल म्हणजे थांबा.

दोरी ओढायचे कंडक्टर देवमन. चढणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला प्रश्न असे, "उतराचं कुठं?" उत्तर मिळाल्याशिवाय तिकीट नाही. कोणी बसल्या जागी रेंगाळलाच तर म्हणत, "तिकीट इथलंच हाये भाऊ. उतरा."

गाडी भंगारात निघाली त्याच वर्षी ते निवृत्त झाले. त्यांनी मला मागून घेतलं. घरी त्यांच्या पत्नी रत्नमालाबाई हृदयाच्या दुखण्याने थकल्या होत्या. मोठ्याने दोन शब्द बोलल्या तरी धाप लागे. म्हणून देवमननी मला पुढच्या खोलीत, आपल्या खुर्चीच्या वर टांगलं आणि दोरी आत स्वयंपाकघरापर्यंत नेली. डबल बेल म्हणजे चहा झाला. सिंगल बेल म्हणजे हातातलं टाकून या. शेजारणी मला पाहायला येत, म्हणत, "पाय ना वं, नवऱ्यानं बायकोसाठी एस.टी.च आणली घरी!" ते माझे सुखाचे दिवस.

बाईंचं ऑपरेशन नागपूरला ठरलं. पैसा तयार होता, तारीख लांब होती. देवमन म्हणाले, "तवरोक पैसा रिकामा काहून ठेवाचा?" डॉलर उतरेल, रुपया सावरेल, या भरवशावर त्यांनी फोनवरून सौदा केला. डॉलर उतरला तर नफा, चढला तर तोटा.

बाईंनी विचारलं, "वैजूचे बाबा, उतराचं कुठं ते ठरवलं का?"

ते हसले. त्यांनी एक भाव सांगितला. डॉलर तिथवर चढला, तर तोटा सोसून बाहेर पडायचं. "मी नाहीच आयकलं तर तू सिंगल मार."

डॉलर तिथवर चढला. टी.व्ही.वर भाव ऐकून बाईंनी दोरी ओढली. मी वाजले.

"पुढच्या थांब्यावर उतरतो," देवमन म्हणाले.

बाई दारापर्यंत आल्या. चौकटीला धरून दम घेतला. "लोकायले भर उन्हात रस्त्यावर उतरवत होते तुमी. सोताले उतरवता येत नाही?"

"तुले नाही समजत यातलं. आता निघालो तर तोटा पक्का होते."

"अन बसून राह्यलं तर?"

सौदा टिकवायचा तर आणखी पैसे भरावे लागत. ते ऑपरेशनच्याच पैशांतून गेले. मग एका सकाळी त्यांनी दवाखान्यात फोन करून तारीख पुढे ढकलली. आत बाईंनी ते ऐकलं. त्यांनी दोरी ओढली. थांबून पुन्हा ओढली. पुन्हा ओढली.

"डोकं खाऊन राह्यली ही घंटी!" देवमन खुर्चीवर चढले आणि आपल्या रुमालाने माझा लोलक घट्ट बांधून टाकला.

बाई एवढंच म्हणाल्या, "बांधा. मीबी थकली आता."

मित्रांनो, ज्या कामासाठी मला या घरात टांगलं होतं, ते काम दुसऱ्याच दिवशी दुपारी आलं. दोरीला हिसका बसला. लोलक रुमालातल्या रुमालात हलला. खाली देवमन फोनमधली भावाची रेघ बघत होते. दुसरा हिसका बसला. मग दोरी सैल पडली.

बऱ्याच वेळाने ते उठून आत गेले. चहा आला नव्हता, म्हणून.

मुलगी वैजयंती पुण्याहून आली, तेव्हा दोरी आईच्या मुठीतून सोडवून झाली होती. सुतकाच्या त्या दिवसांत पैसे भरायला कोणी नव्हतं, म्हणून सौदा आपोआप तुटला. पुढच्या आठवड्यात डॉलर उतरला. देवमन मुलीला म्हणाले, "पाय, माहा अंदाज बरोबर होता."



मित्रांनो, मला तेलपाण्याची किंवा कौतुकाची हाव नाही. मागणं एवढंच आहे. कुठेही चढण्याआधी उतरायचं ठिकाण ठरवा, आणि ते आल्यावर त्याला दुसरं नाव देऊ नका. दोरी कोणाच्या हातात दिलीत, तर घंटी बांधू नका. ते माणूस त्याच दोरीच्या भरवशावर आत एकटं असतं.

पुण्याला परतायच्या दिवशी मुलीने रुमाल सोडला, आत गेली आणि दोरी एकदाच ओढली. सिंगल बेल.

"आलो, रत्ना!" म्हणत देवमन ताडकन उठले. फोन मांडीवरून खाली पडला, त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. दारात मुलगी दिसली तेव्हा थांबले.

"म्हणजे उठता येत होतं, बाबा," ती म्हणाली, आणि तिने बॅग उचलली.